अनुभव धागा : पिकअपचं ऑइल गेज नेमकं कसं वाचता?

हौदा_भरला
बोलेरो पिकअप, इंट्रा, दोस्त, टाटा एस चालवणाऱ्या आणि त्यांवर काम करणाऱ्या सगळ्यांना विनंती : इंजिन ऑइलचं गेज (पातळी बघायची खुणांची पट्टी) तुम्ही कसं बघता ते सविस्तर लिहा. गेज काढायचं, पुसायचं, बघायचं एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही एकाच गाडीचं गेज दोघं बघतात, एक म्हणतो ऑइल भरपूर आहे, दुसरा म्हणतो अर्धा लिटर टाक. हा फरक येतो कुठून? हाताखालून गेलेली माहिती आकड्यांसकट द्या.

सुरुवात मी करतो. कारमध्ये नसलेली आणि पिकअपमध्ये हमखास असलेली अडचण म्हणजे हौद्यातला माल. गाडी रिकामी असली की मागचे कमान पाटे ताठ असतात, मागची बाजू वर आणि नाक खाली. माल भरला की मागची बाजू बसते, नाक उचललं जातं आणि त्याबरोबर इंजिनही कलतं. गेजची नळी चेंबरच्या (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याच्या) मध्यापासून २०० मिमी पुढे किंवा मागे असेल, तर ३ अंशांच्या कलाने तिथली पातळी सुमारे १० मिमी सरकते. बऱ्याच गेजांवर मिन (किमान) आणि मॅक्स (कमाल) या खुणांमधलं अंतरच २० मिमीच्या आसपास असतं. म्हणजे ऑइल थेंबभरही कमी न होता निम्मा पट्टा गायब!

म्हणून रीडिंग कायम एकाच अवस्थेत घ्यावं : गाडी रिकामी, जागा तीच, तोंड त्याच दिशेला, चारही टायरांत हवा बरोबर. जागा समतल आहे का अशी शंका असेल तर गाडी उलट्या तोंडाने लावून, तेवढंच थांबून पुन्हा बघा. दोन्ही वेळा सारखंच दिसलं तर जागा चांगली.

स्पॅनर_चौदाचा
दादा, चांगला विषय घेतलात. गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त चूक होते ती घाईची. गाडी आत येते, इंजिन बंद होतं आणि तिसाव्या सेकंदाला गेज बाहेर. त्या वेळी हेडमधलं, टर्बोमधलं ऑइल चेंबरमध्ये उतरलेलंच नसतं. पातळी कमी दिसते, वरून ऑइल टाकलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मॅक्सच्या वर.

माझी पद्धत अशी. इंजिन चालून गरम झालेलं असावं, मग बंद करून १० मिनिटं थांबायचं. हँडब्रेक ओढून चाकाखाली दगड. गेज पूर्ण बाहेर काढून सुती कापडाने पुसायचं, कॉटन वेस्टने नको, त्याचे धागे पट्टीला चिकटतात आणि नळीतून खाली जातात. पहिल्यांदा बाहेर आलेल्या गेजवर काय दिसतंय त्याला किंमत द्यायची नाही. गाडी चालताना ऑइल नळीत उडालेलं असतं, ते पट्टीला वरपर्यंत लागतं. पुसल्यावर एक मिनिट गेज बाहेरच ठेवा, नळीतलं ऑइल खाली उतरू द्या. मग शेवटपर्यंत दाबून बसवा, दोन सेकंद थांबा, सरळ ओढा.

आता खरं वाचन. पट्टीच्या दोन्ही बाजू बघा. नळी वाकडी असते, पट्टी आत जाताना एका बाजूने घासते, त्यामुळे एका बाजूला ऑइल वर चढलेलं दिसतं. जिथे कडेपासून कडेपर्यंत अखंड ओली रेघ आहे तीच पातळी, आणि दोन बाजूंत फरक असेल तर खालची धरायची. गेज आडवं किंवा टोक खाली करून बघा. टोक वर केलं की ऑइल हाताकडे ओघळतं आणि रीडिंग वाढतं.

पहाटेची_पाळी
स्पॅनरभाऊंशी एका मुद्द्यावर मतभेद आहे. रोजच्या तपासणीला सकाळी स्टार्टर मारण्याआधीचं थंड रीडिंगच घ्यावं. रात्रभरात सगळं ऑइल खाली आलेलं असतं, थांबण्याचा हिशेब उरत नाही, हातही भाजत नाही. गरम इंजिनवर कुणी पाच मिनिटं थांबतो, कुणी वीस. मग तुलना कशाशी करणार?

थंड आणि गरम रीडिंगमध्ये फरक पडतो हे मात्र ध्यानात ठेवा. ऑइल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. ६ लिटर ऑइल ३० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की पाव लिटरने वाढतं. मॅन्युअलमध्ये गरम रीडिंग सांगितलं असेल आणि तुम्ही थंड इंजिनवर काठोकाठ मॅक्सला भरलंत, तर गरम झाल्यावर ते मॅक्सच्या वर जाणारच. माझ्या मते थंड असताना मिन-मॅक्सच्या तीन-चतुर्थांशावर दिसणारं ऑइल उत्तम. मॅक्स गाठायचा आग्रह धरू नये.

स्पॅनर_चौदाचा
मान्य. रोजसाठी थंड, ऑइल बदलल्यावर मॅन्युअलप्रमाणे. दोन्ही पद्धती एकाच वहीत मिसळू नयेत.

ऑइल बदलण्याचा विषय निघालाच आहे तर तेव्हा एक काम जरूर करा. नवा फिल्टर कोरडा असतो, तो भरताना चेंबरमधलं ऑइल ओढून घेतो. म्हणून मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा एक लिटर कमी भरा, इंजिन एक-दोन मिनिटं आयडलवर चालवा, डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा विझल्याची खात्री करा, बंद करून १० मिनिटं थांबा. मग मापाच्या भांड्याने २५० मिली टाकत जा, दर वेळी पाच मिनिटं थांबून पातळी बघा. तुमच्या गाडीच्या गेजवर पाव लिटर म्हणजे किती मिलिमीटर, हे एकदाच कळून येतं. पुढे टॉप-अप करताना अंदाज लावावा लागत नाही. अनेक इंजिनांत मिन ते मॅक्स साधारण एक लिटर असतं, पण आपल्या गाडीचं मोजलेलं बरं.

दूधसंकलन_मार्ग
आमच्या मार्गावरच्या सगळ्या पिकअप बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा मानक) आहेत, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या. यांच्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी सायलेन्सरमधली गाळणी) असलेल्या गाडीत ऑइल वाढतं. डीपीएफमधली काजळी जाळण्यासाठी बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडलं जातं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. दर दोन किलोमीटरला थांबणाऱ्या दूधगाडीत ही जाळण्याची क्रिया अर्धवट तुटते, पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते, आणि दर वेळी थोडं डिझेल ऑइलात.

गेजवर पातळी मॅक्सच्या वर चढत असेल आणि कुणी ऑइल टाकलेलं नसेल तर वास घ्या. डिझेलचा वास येतो, बोटांत चोळलं तर पातळ लागतं. टिपकागदावर थेंब टाकून तासाभराने बघितलं तर काळ्या ठिपक्याबाहेर फिकट तेलकट कडं पसरलेलं दिसतं. ही ढोबळ चाचणी आहे, पण रस्त्यावर उपयोगी पडते. अशा वेळी थोडं ऑइल काढून पातळी जुळवणं हा इलाज नव्हे. चेंबरमधलं ऑइलच पातळ झालंय, बेअरिंगवर टिकणार नाही. ऑइल आणि फिल्टर बदला, इंजेक्टर तपासून घ्या, आणि डीपीएफचा दिवा लागला की मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेगाने सलग चालवून क्रिया पूर्ण होऊ द्या. ऑइलही कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच हवं.

म्हणून वहीत "ठीक" असं लिहू नका. तारीख, किलोमीटर, मिनपासून किती मिमी वर, किती टाकलं, एवढं लिहा. एका रीडिंगवरून काहीच कळत नाही, सरळ वर किंवा सरळ खाली जाणाऱ्या आकड्यांवरून कळतं.

नवा_चालक
ताई, चुकून जास्त भरलं गेलं तर? आणि माझी गाडी सीएनजी आहे, ऑइल इतकं स्वच्छ की पट्टीवर रेघच दिसत नाही.

स्पॅनर_चौदाचा
मॅक्सच्या वर एक-दोन मिमी असेल तर धावपळ नको. त्याहून जास्त असेल तर इंजिन सुरूच करू नका. क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) ऑइलात बुडून फिरतो, ऑइल घुसळून फेस होतो. पंपाने फेस ओढला की प्रेशर पडतं. ब्रीदरमधून (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल हवेच्या पाइपात जातं, सील गळू लागतात. डिझेल इंजिन तेच ऑइल इंधन म्हणून जाळत चावी बंद करूनही पळत राहू शकतं. जादा ऑइल गेजच्या नळीतून बारीक पाइप आणि हातपंपाने काढा. ड्रेन बोल्ट ढिला करून थोडंसं सोडायला गेलात तर हात भाजतो आणि किती गेलं तेही कळत नाही.

सीएनजीत काजळी नसते म्हणून ऑइल स्वच्छ राहतं. पट्टी पांढऱ्या कागदावर आडवी ठेवून टोकाकडून वर सरकवत बघा, कागद कुठपर्यंत ओला होतो ते दिसतं. किंवा पट्टी उजेडाकडे तिरकी धरा, ओला भाग चकाकतो.

उलट डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच किलोमीटरमध्ये काळं होतं, त्यावरून खराब म्हणू नये. पांढरट, ताकासारखं दिसलं आणि कूलंट कमी होत असेल तर मात्र गाडी जागेवरच ठेवा. हेड गॅसकेट किंवा ऑइल कूलरमधून पाणी जात असेल.

मिशिगन_मराठी
पांढऱ्या थरावरून एक भर. इथे हिवाळ्यात पिकअप पाच-दहा मिनिटांसाठीच निघते, इंजिन नीट तापत नाही, आणि ऑइल भरायच्या झाकणाच्या आत पिवळट-पांढरी साय धरते. ती हवेतल्या आणि जळण्यातून आलेल्या बाष्पाची. गेजवरचं ऑइल स्वच्छ, कूलंट जागच्या जागी असेल तर लांबच्या फेरीनंतर ती जाते. थंडीत ऑइल घट्ट होऊन नळीतून फार हळू उतरतं, त्यामुळे पुसल्यावर जास्त वेळ थांबावं लागतं. आणि इकडचं मॅन्युअल वाचताना क्वार्ट म्हणजे लिटर समजू नका, एक क्वार्ट ०.९४६ लिटर.

पहाटेची_पाळी
डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा पातळी दाखवत नाही, प्रेशर दाखवतो. पातळी मिनच्या बरीच खाली गेली तरी सरळ रस्त्यावर तो विझलेला असतो. कसारा किंवा आंबोलीसारख्या घाटात वळणावर, ब्रेकवर क्षणभर लुकलुकला तर समजा ऑइल एका बाजूला गेलं आणि पंपाच्या जाळीने हवा ओढली. सुरक्षित जागा बघून लगेच इंजिन बंद करा. पण घाटाच्या उतारावर घेतलेल्या रीडिंगवर विसंबून मोजून भरत बसू नका. पट्टी कोरडी असेल तर अर्धा लिटर टाकून पुन्हा बघा, पट्टीला लागेपर्यंत असंच. दिवा विझला तरच समतल जागी जा आणि तिथे नीट मोजा. दिवा विझत नसेल तर गाडी ओढूनच न्या.

हौदा_भरला
एक राहिलं. गेजच्या मुठीखालची रबरी रिंग फुगलेली किंवा तुटलेली असेल तर गेज पूर्ण बसत नाही, पट्टी तेवढी वर राहते आणि ऑइल आहे त्याहून कमी दिसतं. जुनी गाडी घेताना गेज त्याच इंजिनचं आहे का हेही बघा, दुसऱ्या मॉडेलचं नळीत सहज बसतं पण खुणा वेगळ्या असतात. ओळखायचा उपाय वर आलाच आहे : मॅन्युअलप्रमाणे मोजून भरलेलं ऑइल मॅक्सच्या खुणेला जुळत नसेल तर आधी गेज तपासा.