घरबागेसाठी स्वयंसेवक तयार करायचेत, सुरुवात कुठून करू?

गच्चीतली_माती (इंदिरानगर):
नमस्कार मंडळी, आमच्या इकडे पाच-सहा सोसायट्यांचा मिळून बागवाल्यांचा ग्रुप आहे, रोज कुणीतरी फोटो टाकतं की पानं पिवळी पडली काय करू, आणि खाली दहा जणांचे दहा उपाय, कुणी ताक सांगतं कुणी चहाचा चोथा. मागच्या महिन्यात एका आजींनी असंच ऐकून कुंडीतल्या मोगऱ्याला मूठभर युरिया घातला, पानांच्या कडा करपल्या आणि आठवड्यात झाड गेलं. वीस वर्षांचा मोगरा होता हो. कुंडी अजून तशीच ठेवलीय त्यांनी. तेव्हाच ठरवलं, बारा जण नीट तयार करायचे जे घरी जाऊन बघतील. पण शिकवायचं काय?

पंचवटीकर_काका:
ताई, चांगलं काम हातात घेतलंय. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात असंच झालं होतं, सिएटलच्या आसपास घरबागवाल्यांचे प्रश्न इतके यायला लागले की विद्यापीठाच्या विस्तार विभागाला (म्हणजे लोकांना शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या विभागाला) पुरं पडेना, मग 1973 साली त्यांनी हौशी लोकांनाच शिकवलं, मास्टर गार्डनर म्हणतात त्यांना. शिकायचं तर त्या बदल्यात ठरलेले तास लोकांना द्यायचे ही अट. तुम्हीही तासांचं आधीच बोलून घ्या, नाहीतर सर्टिफिकेट घेऊन लोक गायब होतात. मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याच नाशकात आहे, तिथे विचारा. फक्त शेतीचा डोस एकरी असतो, तो कुंडीला लावायचा नाही.

द्राक्षवाली_दिंडोरी:
काकांशी सहमत, पण मी म्हणेन औषधं शेवटी शिकवा, आधी बघायला शिकवा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर बहुतेक नत्र कमी, वरची कोवळी पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाचा प्रॉब्लेम, आपल्याकडच्या चुनखडीच्या मातीत हे फार दिसतं. आणि दोन्हीच्या आधी बोट मातीत दोन पेरं घालून बघायचं, कारण कुंडीतली निम्मी दुखणी जास्त पाण्याची असतात, मुळं कुजली की पानं तशीच पिवळी पडतात आणि माणूस अजून पाणी घालतो!! पहिल्या दिवशी वर्गात बसवूच नका, प्रत्येकाला एक आजारी कुंडी द्या, उपाय सांगायला बंदी, फक्त पाच प्रश्न विचारायचे. पाणी कधी, ऊन किती, भोक मोकळं आहे का, शेवटचं खत कधी, कुंडी कधी बदलली. आणि माहीत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणायची सवय लावा, ही सगळ्यात अवघड जाते.

सातपूरचा_माळी:
जास्वंदीवरच्या मिलीबगला (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) लगेच फवारा नको दादा-ताई, आधी जुन्या टूथब्रशने घासून काढायचा. मग 50 ग्रॅम लिंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी मारा. उन्हात नको.

गच्चीतली_माती:
खूप आभार सगळ्यांचे 🙏 ताई, पाच प्रश्नांचा कागद आजच छापून घेते. रविवारी सकाळी आठला आमच्या गच्चीवर बारा जण आणि बारा आजारी कुंड्या. आजींनाही बोलावलंय, त्यांची ती रिकामी कुंडीही घेऊन या म्हटलंय, भोक बुजलंय का ते सगळ्यांसमोर उलटी करून बघू आणि तिच्यातच नवा मोगरा लावू.