पठारावर मोठ्या पवनचक्क्या येणार आहेत, खालच्या झऱ्याचं काय होईल हे आधीच कसं तपासायचं?

झऱ्याखालची

नमस्कार. मी पाटण तालुक्यातली. कोयनेच्या अंगाला डोंगरात आमची वाडी आहे, नाव इथं टाकत नाही. ७२ उंबरे, ४१० माणसं. वर जांभ्याचं सपाट पठार आणि पठाराच्या कडेखाली एक झरा. त्याचं पाणी दगडी टाक्यात साठतं आणि उताराने पाइपातून वाडीत येतं. मोटर नाही, वीजबिल नाही. पाणीपुरवठा समितीत मी चार वर्षं आहे. टाकं धुणं, जाळी साफ करणं, फुटला पाइप जोडून घेणं, सगळं माझ्याकडे.

पवनचक्क्या आमच्या भागाला नव्या नाहीत. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर वीस-पंचवीस वर्षं फिरतायत. आमच्या डोक्यावरच्याही तेव्हाच्याच, साडेतीनशे किलोवॅटच्या. आता त्या काढून तिथं दोन मेगावॅटच्या वरच्या बसवणार. गेल्या महिन्यात सर्व्हेवाले येऊन चुन्याच्या तीन फुल्या मारून गेले. त्यातली एक आमच्या झऱ्याच्या बरोबर वर आहे. मी कडेपासून चालून मोजलं, १६० पावलं.

जुन्या चक्क्या आल्या तेव्हा मी सातवीत होते. रस्ता करताना निघालेली माती-डबर कडेवरून सरळ खाली लोटून दिली होती. पहिल्याच पावसात टाक्यात लाल गाळ आला. आई रात्री हंड्यात तुरटी फिरवून ठेवायची आणि सकाळी वरचं निवळ पाणी तांब्याने अलगद काढून घ्यायची, तळ ढवळू नये म्हणून आम्हाला हंड्याजवळ येऊ द्यायची नाही. दोन पावसाळे असे गेले. मोठा झरा निवळला. पण गुरं पाणी प्यायची तो धाकटा झरा आटला तो आटलाच. वरून रस्ता गेला म्हणून, की आणखी कशाने, कुणालाच सांगता आलं नाही. आधी त्याला किती पाणी होतं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

माझा चक्क्यांना विरोध नाही, वाडीतली दोन पोरं तिथं कामाला आहेत. पण २०२१ च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्याला दरडी कोसळल्या, तेव्हापासून डोंगराला जेसीबी लागला की पोटात गोळा येतो. चौकशी केली तर कळलं की पवनऊर्जेला पर्यावरण परवानगीच लागत नाही. म्हातारी माणसं म्हणतात, चक्क्या ढग पळवतात. खरं काय, आणि मी स्वतः काय तपासू शकते?

---

मांजऱ्या

ताई, मी भूजलाच्या कामात अठरा वर्षं आहे, त्यातली बरीच साताऱ्याच्या डोंगरात गेली.

ढगांचं आधी संपवतो. पाऊस आणणारा मोसमी वाऱ्यांचा थर काही किलोमीटर जाड असतो. शंभर-दीडशे मीटरची चक्की त्यातला पाऊस अडवत नाही. दुष्काळात माणूस समोर दिसेल त्याला दोष देतो, आणि डोंगरावर चक्कीच दिसते. पण या बोलण्यामुळे खरा धोका बाजूला पडतो याचं मला फार वाईट वाटतं. तो पात्यात नाही, चक्कीच्या पायाच्या खोदाईत आणि रस्त्यात आहे.

तुमचा झरा असा चालतो: वर जांभा, छिद्राछिद्रांचा, पाऊस पिऊन घेणारा. त्याच्या खाली शेडू, म्हणजे पांढरट-पिवळी चिकण, तिच्यातून पाणी उतरत नाही. जांभ्यात मुरलेलं पाणी शेडूवर येऊन थांबतं, आडवं सरकतं आणि कडेला दोघांच्या सांध्यातून बाहेर पडतं. कडेला जाऊन बघा, झरा बहुतेक त्या सांध्यावरच असेल. जांभ्यात खड्डा झाला आणि शेडू शाबूत राहिला तर पाणी पायाला वळसा घालून येऊ शकतं. शेडू फोडला, किंवा रस्त्याचा चर त्या सांध्याला आडवा गेला, तर पाणी दुसरीकडे वळतं. धाकट्या झऱ्याचं असंच झालं असावं असा माझा संशय आहे, पण जागा न बघता छातीठोक सांगणार नाही.

वर किती जमीन या झऱ्याला पाणी देते ते शोधा. सप्टेंबरात पठारावर सीतेची आसवं आणि गेंद कुठे दाट फुलतात हे गुराख्यांना विचारा. ही फुलं झिरपत्या पाण्यावर येतात. त्या जागा आणि फुल्या एका कागदावर आणा.

आणि आजपासून मोजायला लागा. १५ लिटरची बादली, मोबाइलवरचं घड्याळ, तीनदा भरून मधला आकडा. दर आठवड्याला, ठरल्या वारी, सकाळी. सोबत टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र घ्या, चार-पाचशे रुपयांत मिळतो. जांभ्यातलं पाणी क्षारांनी फार हलकं असतं, आकडा बहुतेक शंभराच्या आत राहतो. काळ्या पाषाणातल्या विहिरीचा दोनशे-तीनशेच्या वर जातो. तुमचा आकडा कमी आला तर पाणी जवळूनच, पठारावरूनच येतंय असं धरायला हरकत नाही. पायाचं काम चालू असताना पाण्याचा सामूही (पीएच) बघत राहा. सिमेंटचं धुवण खूप अल्कधर्मी असतं आणि जांभ्यात गाळणी अशी काही नाही.

---

पायाभरणी

मी साइट इंजिनीअर आहे, धुळे जिल्ह्यात आणि कर्नाटकात चक्क्यांचे पाये भरले आहेत.

ताई, एक कागद मागा: माती परीक्षणाचा अहवाल, त्यातला बोअर लॉग. मोठ्या चक्कीच्या जागी पाया ठरवायच्या आधी बोअर घेतात. कुठल्या खोलीवर कुठला थर, पाणी कुठे लागलं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. तो कागद कंपनीकडे तयार असतो, फक्त गाव तो मागत नाही.

साडेतीनशे किलोवॅटच्या पायावरून अंदाज बांधू नका. आताचा पाया १८ ते २२ मीटर व्यासाचा, सुमारे तीन मीटर खोल, ४०० ते ६०० घनमीटर काँक्रीटचा. ५०० घनमीटर धरलं तर नुसतं काँक्रीट कालवायलाच ८०-८५ हजार लिटर पाणी जातं, म्हणजे दहा हजारी आठ टँकर. त्यावर दोन आठवडे पाणी मारणं वेगळं. ते पाणी कुठून भरणार हे लेखी विचारा. मार्च-एप्रिलमध्ये काम निघालं की जवळच्या ओढ्याला पाइप लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

खड्ड्यात पाणी लागलं की पंप लावून उपसतात. उपसलेलं पाणी आणि मिक्सरचं धुवण कुठे सोडणार, हेही विचारा. आणि रस्ता. पात्याची गाडी वळवायला वळणं रुंद करावी लागतात, तिथंच डोंगर सगळ्यात जास्त कापला जातो. निघालेलं डबर कुठे टाकणार ती जागा नकाशावर दाखवायला लावा. भीमाशंकरच्या बाजूच्या पवनचक्की प्रकल्पाबद्दल पश्चिम घाटासाठीच्या गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात हेच लिहिलंय: रस्त्यांमुळे घसरलेली माती आणि डबर खालच्या शेतात आणि धरणांत.

---

गॉलवेकर

मूळचा कऱ्हाडचा, सध्या आयर्लंडमध्ये. आमच्या गॉलवे परगण्यात डेरीब्रायन नावाची जागा आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये तिथं पवनचक्क्यांचं काम चालू असताना डोंगरावरचं पीट सरकलं. पीट म्हणजे हजारो वर्षं कुजत साठलेलं, पाण्याने गच्च भरलेलं शेवाळ-गवत. सुमारे साडेचार लाख घनमीटर चिखल खाली आला, नदीत गेला, ५० हजारांच्या आसपास मासे मेले. युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला की पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास नीट झालेला नव्हता. तरी दुरुस्ती झाली नाही म्हणून २०१९ मध्ये आयर्लंडला ५० लाख युरो आणि वर रोजचे १५ हजार युरो दंड बसला. २०२२ मध्ये प्रकल्प बंद करायचा निर्णय झाला. ७० चक्क्या, चांगल्या चालत्या.

तुमच्याकडे पीट नाही, जांभा आहे, त्यामुळे तसंच होईल असं नाही. पण एक आकडा कामाचा आहे. स्कॉटलंडमध्ये एक मीटरपेक्षा खोल खोदायचं असेल तर २५० मीटरच्या आतला, ज्याचं पाणी वापरलं जातं असा प्रत्येक झरा आणि विहीर आधी तपासावी लागते. तुमची १६० पावलं म्हणजे शंभर-सव्वाशे मीटर. आपल्याकडे तसा नियम नसला तरी ग्रामसभेच्या ठरावात हे अंतर लिहायला कुणी अडवत नाही.

---

झऱ्याखालची

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे मोजलं, म्हणून आता लिहितेय.

टाक्यात पडणारी धार पसरट होती, बादलीत धरता येईना. केळीच्या सोपाची पन्हाळ करून झऱ्याच्या तोंडाला चिखलाने लिंपली, मग सगळं पाणी एका धारेत आलं. मागच्या सोमवारी तीनदा भरली: ४७, ४९, ४८ सेकंद. म्हणजे दिवसाला २७ हजार लिटर. माणशी ५५ लिटरने आम्हाला २२,५५० लागतात. फेब्रुवारीतच एवढंच वर उरतं. एप्रिल-मेमध्ये आम्ही एक दिवसाआड पाणी सोडतो ते का, हे पहिल्यांदा आकड्यात दिसलं. टीडीएस ३८ आला.

सांधाही सापडला. जांभ्याखाली हात घातला तर बोटांना पिवळी चिकण लागली, थंड, लोण्यासारखी, आणि तिच्यावरूनच पाणी येत होतं. माझ्याबरोबर दोन चुलत्या होत्या. थोरली म्हणाली, लहानपणी ह्याच मातीने आम्ही चुली सारवायचो. पाणी हिच्या अंगावरून येतं हे तिलाही ठाऊक नव्हतं.

ग्रामसभेत ठराव झाला: वर्षभराची मोजणी, २५० मीटरचं अंतर, डबराची जागा, पाणी कुठून भरणार. कंपनीच्या इंजिनीअरने बोअर लॉग मोबाइलवर दाखवला. माणूस बोलायला सरळ वाटला. आमच्या फुलीपाशी जांभा ४.२ मीटर, मग चिकण. पाया ३.२ मीटर. तो म्हणतो, चिकणीला हात लागणार नाही, मीटरभर शिल्लक राहतो.

मांजऱ्या दादा, एक मीटर पुरेल का?

---

मांजऱ्या

एका बोअरवरून सांगता येत नाही. जांभ्याचा तळ सरळ नसतो, २० मीटरच्या पायात तो एका टोकाला मीटर-दीड मीटर वर आलेला असू शकतो. पायाच्या चारही बाजूंना अजून बोअर घ्यायला सांगा, नाहीतर फुली झऱ्याच्या डोक्यावरून हलवायला सांगा. हलवणं त्यांना स्वस्त पडेल, हे त्या इंजिनीअरलाही कळत असेल.

मी १५ तारखेला साताऱ्यात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने वर येतो, तोवर ग्रामसभेच्या ठरावाची प्रत काढून ठेवा. आणि बादली तीच वापरा, बदलू नका.