बेने इस्रायलांची मुंबईतील शाळा

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या बेने इस्रायल (कोकणातून आलेल्या मराठीभाषक ज्यू) समाजाने स्वतःची शाळा काढली होती, असे ऐकले. जाणकारांनी कृपया माहिती द्यावी.

उत्तर १: हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी ती १८७५ मध्ये सुरू केली. कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा, शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा समाज घरी मराठीच बोलत असल्याने मुलांना हिब्रू ही धर्मभाषा शिकविण्याची सोय शाळेतच करावी लागली. माझ्या मते तिचे खरे महत्त्व यातच आहे.

उत्तर २: पुढे ज्यू उद्योगपती सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचे नाव मिळाले. १९४८ नंतर पुष्कळ कुटुंबे इस्रायलला गेली आणि माझगावच्या या शाळेत अन्य धर्मांचीच मुले अधिक दिसू लागली.