जुन्या पीसीसाठी ग्राफिक्स कार्ड: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी म्हापशाचा. घरी इंटेलच्या आय५-२४०० प्रोसेसरचा जुना पीसी आहे: ८ जीबी रॅम, ३०० वॅटचा पॉवर सप्लाय, त्यातून ६ पिनची वायरच (कार्डाला जादा वीज देणारी) येत नाही. गावच्या जत्रेतल्या नाटकांचं शूटिंग एडिट करतो. चवथीपर्यंत यंदाची दोन नाटकं संपवायची आहेत, आणि एक्सपोर्टला लावलं की पीसी रात्रभर घरघरतो.

बजेट आठ हजार, जुनं कार्डही चालेल. जीटी १०३० वीज कमी खाते (३० वॅट), पण तिच्यात व्हिडिओ एन्कोडर (एक्सपोर्ट झटपट करणारा भाग) नाही. वर तिची डीडीआर४ मेमरीची आवृत्ती खूपच मंद, आणि दुकानदार ही आणि वेगवान आवृत्ती, दोन्ही एकाच नावाने विकतात! आरएक्स ६४००लाही एन्कोडर नाही, शिवाय ती बोर्डाशी बोलायला चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरते. माझा बोर्ड जुन्या, संथ पीसीआयई २.० स्लॉटचा, म्हणजे तिथेही मार.

राहता राहिली जीटीएक्स १६५०, ७५ वॅटची. ६ पिन न लागणारं नेमकं कोणतं मॉडेल घ्यावं? जुन्या बायोसवर (पीसी सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) कुणी चालवलीय का? सेकंडहँड घेताना इथल्या पावसाळी दमटपणाने पोर्ट गंजलेत का, एवढं तर मी बघेनच. आणखी काय तपासू?

नवा पीसी घे म्हणू नका, ते बायकोने आधीच नाकारलंय.