मदत हवी आहे: थेरपी केंद्र, अंगणवाडी आणि शाळा यांचा मेळ कोणी घालायचा? (गोवा)

नमस्कार मंडळी,

पेडणे तालुक्यातून लिहितेय. माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, त्याला ऑटिझमचं निदान झालंय. येत्या शैक्षणिक वर्षात त्याला पहिलीत घालायचंय. त्याची थेरपी चालू आहे, अंगणवाडीत तो रोज जातो आणि गावातली सरकारी मराठी शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. सगळं आहे म्हणायचं, पण या तिन्ही ठिकाणच्या माणसांचं एकमेकांशी कधी बोलणंच होत नाही. एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवायचा तर तो मीच, आणि तोही तोंडी.

नेमकं काय होतं ते सांगते. स्पीच थेरपिस्टनी त्याला चित्रांची कार्डं करून दिलीत. तहान लागली की तो पेल्याचं कार्ड काढून माझ्या हातात देतो आणि पाणी मिळेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत उभा राहतो. आधी नुसता हात धरून ओढायचा, त्यामुळे आम्हाला याचं किती अप्रूप आहे ते तुम्हाला कळेल. अंगणवाडीत मात्र ती कार्डं दप्तरातच राहतात. तिथल्या बाई मायाळू आहेत, पण ती कशासाठी आहेत आणि कशी वापरायची हे त्यांना कुठल्याच खात्याने सांगितलेलं नाही. मग तिथे तो तहान लागली की रडतो, आणि वहीत शेरा येतो, 'आज फार त्रास दिला.'

अंगणवाडीबद्दल तक्रार नाही. उलट तिथे तपासणीला आलेल्या पथकातल्या डॉक्टरांनीच पहिल्यांदा सांगितलं होतं की हाक मारल्यावर तो वळून बघत नाही, पुढे दाखवून घ्या. तिथून जिल्हा रुग्णालय, मग बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, मग थेरपी. इथपर्यंतची वाट आरोग्य खात्याने नीट दाखवली. पहिलीचं नाव काढलं आणि ती वाट संपली.

शाळेच्या मुख्याध्यापिकांनी नकार दिला नाही, हे आधी सांगते. त्या म्हणाल्या, "आम्ही याच्यासाठी काय करायचं, ते लिहून आणाल का?" रास्त प्रश्न आहे. थेरपी केंद्रात विचारलं तर म्हणाले, शाळेचं पत्र आणा, मग अहवाल देतो. शाळेत पत्र मागितलं तर म्हणाले, भागशिक्षणाधिकाऱ्यांना विचारावं लागेल. शिवाय जुना अहवाल सगळा इंग्रजीत आहे. घरात आम्ही कोंकणी बोलतो, शाळा मराठी, थेरपीत हिंदी. शेजारीपाजारी म्हणतात की इतक्या भाषांमुळेच पोर बोलत नाही. थेरपिस्टनी मात्र ठाम सांगितलंय की तसं नसतं, घरात कोंकणीच बोलत राहा.

मला हे विचारायचंय. आरोग्य खात्याकडची माहिती शिक्षण खात्याकडे नेण्याची जबाबदारी नक्की कोणाची? शाळेत नाव घातलं की रुग्णालयातली थेरपी बंद होते का? आणि सुरुवातीचे काही महिने वर्गात मदतनीस मागता येतो का? गोव्यात या वाटेने गेलेले कोणी असाल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद: विशेष शिक्षिका, बार्देश

ताई, मुख्याध्यापिकांनी तो प्रश्न विचारला, हेच मला मोठं वाटतं. अशा शाळेला धरून राहा.

थेरपीचं आधी सांगते, कारण त्या भीतीने पुष्कळ पालक शाळा लांबवतात. तुमच्या अंगणवाडीत आलेलं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. हा कार्यक्रम 2013 साली सुरू झाला आणि तो जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी करायची असते, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. म्हणजे पहिलीत गेला म्हणून त्याचा हक्क संपत नाही. फक्त शाळेच्या वेळा सांभाळून दुपारची वेळ मिळेल का, हे आत्ताच विचारून ठेवा.

आता शाळा. दिव्यांग हक्क कायदा 2016 चं कलम 31 सांगतं की 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत, किंवा त्याची पसंती असेल तर विशेष शाळेत, मोफत शिकण्याचा हक्क आहे. कलम 16 प्रमाणे सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची. त्यामुळे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अजून काढलं नसेल तर आधी ते काढा. लहान मुलांना बहुधा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र देतात, तेव्हा त्यावरची तारीख बघून ठेवा.

प्रवेश झाला की एक गोष्ट स्वतः विचारा: शाळेच्या यू-डायस माहितीत (सरकार सगळ्या शाळांकडून घेतं त्या नोंदीत) मुलाची नोंद 'विशेष गरजा असलेलं मूल' अशी झाली का? ही नोंद करायची राहिली तर समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या हिशेबात तो दिसतच नाही, आणि साहित्य, प्रवासखर्च, विशेष शिक्षकाची भेट, सगळं अडतं. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की पालकांना पहिल्या भेटीतच सांगते.

मेळ घालण्याचं म्हणाल, तर शिक्षण खात्याच्या बाजूने तुमचा माणूस म्हणजे तालुक्याच्या गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक. त्यांना गाठा आणि प्रवेशाआधी शाळेतच एक बैठक मागा: वर्गशिक्षिका, अंगणवाडीच्या बाई, विशेष शिक्षक आणि तुम्ही. थेरपिस्ट येऊ शकल्या नाहीत तर त्यांना फोनवर घ्या. या बैठकीतून मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे त्याला काय आणि कसं शिकवायचं, काय मदत द्यायची याचा लेखी कागद, निघाला पाहिजे. मदतनिसाचा विषयही तिथेच काढा आणि किती दिवस, कोणत्या तासांना, कशासाठी ते आराखड्यात लिहून घ्या. 'मदतनीस हवा' एवढंच म्हटलं तर उत्तर मिळत नाही. 'मधल्या सुट्टीत आणि शौचालयाला नेताना माणूस हवा' म्हटलं की शाळेला विचार करता येतो.

आणि इंग्रजी अहवालाची वाट बघत बसू नका. तुम्हीच मराठीत एक पान लिहा: पाणी कसं मागतो, कोणत्या आवाजाने घाबरतो, घाबरला की काय केल्याने शांत होतो, काय आवडतं, काय स्वतःचं स्वतः करतो. ते थेरपिस्टना दाखवून त्यांची सही घ्या. कार्डांचा दुसरा संच करून वर्गात भिंतीवर, त्याच्या हाताला येईल असा लावायला सांगा. दप्तरातल्या कार्डाचा कोणालाच उपयोग नाही.

प्रतिसाद: माहेर म्हापसा, सासर अमेरिका

माझ्या मुलीला दोन वर्षांची असल्यापासून इथे सेवा मिळाल्या, म्हणून फक्त एवढंच सांगते की तुम्ही मागताय ते काही जगावेगळं नाही. इथल्या केंद्रीय कायद्यात जन्मापासून तीन वर्षांपर्यंतचा एक भाग आहे आणि तीन वर्षांनंतर शाळा जिल्ह्याने द्यायच्या विशेष शिक्षणाचा दुसरा. पहिल्या भागात प्रत्येक कुटुंबाला एक सेवा समन्वयक मिळतो. मूल पुढे विशेष शिक्षणात जाण्यासारखं असेल, तर तिसऱ्या वाढदिवसाच्या किमान 90 दिवस आधी, पालकांच्या संमतीने, तो शाळेच्या लोकांबरोबर बैठक ठरवतो. मूल पात्र ठरलं तर वाढदिवसापर्यंत शाळेचा आराखडा तयार असावा लागतो. दोन्ही भागांचे पात्रतेचे निकष वेगळे असल्याने काही मुलं मध्येच गळतात, तेव्हा इथेही सगळं सुरळीत आहे असं समजू नका. पण बैठक कोणी बोलवायची याबद्दल वाद नसतो. तुमच्याकडेही शिक्षिकाताई म्हणतात ती बैठक पहिलीच्या किमान तीन महिने आधी घ्या.

प्रतिसाद: सत्तरी तालुक्यातला बाबा

शिक्षिकाताईंचं सगळं पटलं, एक सोडून. फक्त भेटून बोलण्यावर राहू नका. जे मागाल ते लेखी अर्जाने मागा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आम्हाला एका शाळेने महिनोन्‌महिने 'बघूया' म्हणून ठेवलं होतं, लेखी अर्ज दिल्यावर आठवड्यात बोलावलं. तरीही कोणी दाद दिली नाही तर राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करता येते. ते कायद्यातच आहे.

दुसरं म्हणजे निरामय विमा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची योजना आहे, ऑटिझम त्यात येतो आणि वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचा खर्चही धरलाय. वालपईहून थेरपीला जायचं म्हणजे माझा अख्खा दिवस आणि दिवसाची मजुरी जाते. पेडण्याचं काही वेगळं नसणार. त्यामुळे जिथून चार पैसे सुटतात ते सोडू नका.

2023 साली पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला, तेव्हा पोराला खांद्यावर घेऊन गेलो होतो. त्याच्यासारखी इतकी माणसं एकत्र बघून बायको रडली. आता तालुक्यातालुक्यात बसून आमचे कागद एकमेकांना जोडणारा माणूस द्या, हेच सरकारकडे माझं मागणं आहे.

मूळ धागाकर्ती:

सर्वांचे मनापासून आभार. यूडीआयडीचा अर्ज केलाय, प्रमाणपत्रासाठीच्या तपासणीची तारीख यायची आहे. ते मराठीतलं पान आज रात्रीच लिहायला घेते आणि गटसाधन केंद्राला लेखी अर्ज देऊन पोच घेते. कार्डांचा दुसरा संच अंगणवाडीच्या बाईंनाही देणार आहे, शाळेपर्यंत थांबायची गरजच नाही.

अजून एक विचारते. पेडणे किंवा बार्देशमधल्या सरकारी मराठी शाळेत ज्यांच्या मुलाला मदतनीस मिळाला, त्यांनी तो कोणत्या खात्याकडून मिळाला आणि अर्जात काय लिहिलं होतं ते सांगाल का? मुलाचं वा शाळेचं नाव नको, अर्जाचा मजकूर मिळाला तरी पुष्कळ झालं.