टूनाच्या डब्यावर खोटं लेबल: कलम ४० खाली तपासणी कुणी करून घेतली आहे का?

मंडळी, मदत हवी आहे. वाशीतल्या एका दुकानातून टूनाचे आयात केलेले डबे घेतले. पुढे ठळक अक्षरांत ‘ऑलिव्ह ऑइलमध्ये’. मागे आयातदाराने लावलेलं स्टिकर एका कोपऱ्यात सुटलं होतं. ते उचकटलं तर खाली मूळ छपाईत सोयाबीन तेल आधी, ऑलिव्ह सगळ्यात शेवटी. स्टिकरवर सोयाबीनचा उल्लेखच नाही! आयातदाराचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर स्टिकरने लावता येतो, पण घटक झाकून बदलणं ही सरळ फसवणूक आहे. माझ्या पुतण्याला सोयाबीनची ॲलर्जी आहे, त्यामुळे हे सोडून देणार नाही.

दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, आयातदार ईमेलला उत्तर देत नाही. फूड सेफ्टी कनेक्टवर (सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं ऑनलाइन तक्रार पोर्टल) फोटोंसह तक्रार केली, अजून फक्त तक्रार क्रमांक हातात आहे. बिल आणि त्याच बॅचचा एक सीलबंद डबा जपून ठेवलाय. पैसे परत नकोत, तो माल शेल्फवरून उतरायला हवा.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. मात्र खरेदीच्या वेळीच दुकानदाराला तसं सांगावं लागतं, म्हणजे नवा डबा घेणं आलंच.

ठाणे-नवी मुंबईत हे कुणी केलंय का? दुकानदाराला लेखी दिलंत का, त्याने पोच नाकारली तर काय केलंत, आणि नमुना थेट विश्लेषकाकडे नेता येतो की अन्न सुरक्षा अधिकाऱ्यामार्फतच द्यावा लागतो?