मधल्या सुट्टीचा पगार कापता येतो का?

प्रश्न
दुसरी_पाळी:

मी एका कारखान्याच्या पॅकिंग विभागात लाइनवर काम करते. आमच्या पाळीत अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी आणि त्याखेरीज दहा-दहा मिनिटांच्या दोन छोट्या सुट्ट्या, अशी पद्धत होती. छोट्या सुट्टीचा पगार कधीच कापला जात नसे आणि ही पद्धत कित्येक वर्षांची असल्याचे जुने कामगार सांगतात. अलीकडे विभागाच्या दाराशी बोटाचा ठसा घेणारे हजेरीयंत्र बसवले गेले. तेव्हापासून दाराबाहेर पडल्यापासून परत आत येईपर्यंतची सगळी मिनिटे पगारपत्रकात ‘अनुपस्थिती’च्या रकान्यात जमा होतात आणि महिनाअखेरीस त्यांचे पैसे कापले जातात. शौचालयही त्याच दाराबाहेर असल्यामुळे तिकडे जाऊन येण्याचा वेळही त्याच रकान्यात पडतो.

जेवणाच्या सुट्टीची गोष्ट वेगळी आहे. त्या वेळात लाइन थांबत नाही. आमच्यापैकी दोघींना डबा घेऊन मशीनशेजारीच बसावे लागते आणि घंटा वाजली की हातातला घास ठेवून उठावे लागते. तरीही तो अर्धा तास कामाच्या तासांत धरला जात नाही, कारण कागदोपत्री ती सुट्टी आहे.

आमच्या सुपरवायझरांचे म्हणणे असे की कायद्यात ‘पगारी विश्रांती’ असे काही नाही, त्यामुळे आम्हाला मागण्याचा अधिकारच नाही. हे खरे आहे का? विश्रांतीचा हक्क असेल, तर पगारासह आहे की पगाराविना? ज्यांनी अशी प्रकरणे हाताळली आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
जुना_प्रतिनिधी:

ताई, तुमच्या सुपरवायझरांनी अर्धेच सांगितले आहे आणि तुमच्या कामाचे आहे ते उरलेल्या अर्ध्यात आहे. तुमच्या तक्रारीत तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र आले आहेत, ते आधी सुटे करू.

विश्रांतीचा हक्क आहे, याबद्दल वाद नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे कोणत्याही प्रौढ कामगाराकडून सलग पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नसे. त्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावीच लागे. लेखी सूट मिळाली, तरी विश्रांतीशिवायचा काळ सहा तासांपुढे नेता येत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेत सामावला गेला. कामाचे तास, मधली विश्रांती आणि दिवसाचा एकूण पसारा (म्हणजे सुट्टी धरून पाळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा काळ) अधिसूचनेने ठरवण्याचा अधिकार आता सरकारकडे आहे. जुने नियम, संहितेशी विसंगत नसतील तोवर, चालू ठेवण्याची तरतूदही तिच्यात आहे.

ही अर्ध्या तासाची सुट्टी कोणी मेहरबानी म्हणून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात रविवारच्या सुट्टीच्या जोडीला दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी होती. रविवारची सुट्टी सगळ्यांच्या लक्षात राहिली, दुपारचा अर्धा तास मात्र विस्मरणात गेला. १८९१ च्या कारखाने कायद्यात दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबवणे सक्तीचे झाले. त्या तरतुदीत काम ‘थांबवणे’ अपेक्षित होते, हे तुमच्या मशीनशेजारच्या डब्याच्या संदर्भात ध्यानात ठेवा.

आता पगाराचे बघू. कलम ५५ पगाराबद्दल काहीच बोलत नव्हते, एवढ्यापुरते सुपरवायझर बरोबर आहेत. पण कायदा गप्प आहे याचा अर्थ पगार मना आहे असा होत नाही. मग तो प्रश्न नेमणूकपत्र, स्थायी आदेश (कारखान्याची नोकरीच्या अटींची लेखी नियमावली), युनियनशी झालेला करार आणि कारखान्यातली रूढ पद्धत यांवरून ठरतो. तीन पाळ्यांच्या कारखान्यात हे सहज दिसते. तिथे आठ तासांची पाळी संपली की लगेच पुढची सुरू होते, जेवणाचा अर्धा तास त्या आठ तासांतच येतो आणि दिवसाचा पगार पूर्ण मिळतो. जनरल पाळीत तोच अर्धा तास बहुधा आठ तासांच्या बाहेर ठेवलेला असतो. म्हणून पाळीची सुरुवात आणि शेवट नेमणूकपत्रात कसा लिहिला आहे, ते आधी वाचा.

तुमच्या छोट्या सुट्ट्यांची बाजू, मला वाटते, सगळ्यात भक्कम आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत ‘कामाचे तास आणि विश्रांतीचे मध्यंतर’ ही स्वतंत्र बाब होती आणि ‘रूढ सवलत काढून घेणे किंवा प्रथेत बदल करणे’ ही आणखी एक. या बाबींत कामगारांच्या विरोधात जाणारा बदल करायचा असेल, तर मालकाने २१ दिवसांची नोटीस देणे बंधनकारक होते. हीच तरतूद आता औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० मध्ये आणि तिसऱ्या अनुसूचीत आहे. वर्षानुवर्षे पगारासह चालत आलेली सुट्टी एखादे यंत्र बसवून गुपचूप बिनपगारी करणे हा माझ्या मते उघडउघड असाच बदल आहे. नोटीस लागली होती का, हा तुमचा पहिला प्रश्न असायला हवा.

शौचालयाची मिनिटे विश्रांतीच्या हिशेबात धरणे मला मुळातच अमान्य आहे. कारखाने अधिनियमाच्या कलम १९ मध्ये शौचालये कामगारांना कारखान्यात असताना ‘सर्व वेळी’ उपलब्ध असावीत असे स्पष्ट लिहिले होते. जाण्याचे पैसे पडणार असतील, तर माणूस पाणी पिणेच कमी करतो आणि त्याचा त्रास बायकांना जास्त होतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

उत्तर २
कर्मचारी_विभाग:

मी आस्थापनेच्या बाजूने काम करतो, म्हणून पलीकडची अडचण मांडतो. काही प्रक्रिया मध्येच थांबवता येत नाहीत. भट्टी, रंगाची टाकी किंवा सलग चालणारी लाइन बंद केली तर पुन्हा सुरू करायला सुट्टीपेक्षा जास्त वेळ जातो. तसेच दहा मिनिटांची सुट्टी पंचवीस मिनिटांची होणे हीही खरी तक्रार आहे, आणि वेळेवर परतणाऱ्यांवर त्याचा भार पडतो.

तरीही प्रश्नकर्त्या ताईंच्या कारखान्यात जे चालले आहे त्याचे समर्थन मी करणार नाही. लाइन थांबवायची नसेल तर रिलीव्हर, म्हणजे सुट्टीपुरता बदली कामगार, ठेवावा आणि कामगारांना आळीपाळीने सोडावे, हा जुना आणि सोपा मार्ग आहे. एका माणसाचा खर्च वाचवण्यासाठी रिलीव्हर ठेवायचा नाही आणि तरीही तो अर्धा तास सुट्टी म्हणून लिहायचा, या दोन्ही गोष्टी एकदम करता येणार नाहीत.

छोट्या सुट्टीबाबत अमेरिकेचा नियम मला व्यवहार्य वाटतो. तिथल्या केंद्रीय कायद्यात प्रौढांना सुट्टी द्यायलाच हवी अशी सक्ती नाही. पण मालकाने पाच ते साधारण वीस मिनिटांची सुट्टी दिली, तर ती कामाच्या तासांतच मोजावी लागते. अशा सुट्टीने काम सुधारते, म्हणजे तिचा फायदा मालकालाही होतो, असे कारण त्या नियमातच दिले आहे. कामगाराने परवानगीशिवाय सुट्टी लांबवली तर तेवढी वाढीव मिनिटे न मोजण्याची मुभा आहे, मात्र सुट्टी किती वेळाची आणि ती लांबवल्यास काय होईल हे मालकाने आधी स्पष्ट सांगितलेले असले पाहिजे. म्हणजे उशीर करणाऱ्याला आवर घालण्याचे साधन आहे. त्यासाठी सगळ्यांचीच सुट्टी ‘अनुपस्थिती’ ठरवावी लागत नाही.

उत्तर ३
निवाडे_वाचक:

मशीनशेजारच्या जेवणाबद्दल दोन परदेशी निवाडे सांगण्यासारखे आहेत. आपल्या न्यायालयांवर ते बंधनकारक नाहीत, पण त्यांतली विचाराची दिशा उपयोगी पडेल.

पहिला युरोपीय संघाच्या न्यायालयाचा, सप्टेंबर २०२१ मधला. प्राग शहराच्या वाहतूक उपक्रमातल्या एका अग्निशमन कर्मचाऱ्याला पाळीत अर्ध्या तासाच्या दोन सुट्ट्या होत्या. सुट्टीतही त्याच्याजवळ वायरलेस संच असे आणि बोलावणे आले की दोन मिनिटांत निघण्याच्या तयारीत राहावे लागे. त्या सुट्टीत बोलावणे आले तरच पगार, नाही आले तर नाही, असा तिथला हिशेब होता. न्यायालयाने सांगितले की बोलावणे खरोखर किती वेळा येते यावर हे ठरत नाही. कोणत्याही क्षणी उठावे लागेल या बंधनामुळे माणसाला तो वेळ आपल्या मनाप्रमाणे वापरता येत नसेल, तर तो कामाचाच वेळ आहे.

दुसरा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा, २०१६ मधला. त्या राज्यात दर चार तासांमागे दहा मिनिटांची पगारी विश्रांती सक्तीची आहे आणि ती दिली नाही तर त्या दिवसासाठी एक तासाचा जादा पगार द्यावा लागतो. सुट्टीत रेडिओ चालू ठेवण्याची सक्ती असलेल्या सुरक्षारक्षकांच्या प्रकरणात न्यायालयाने ठरवले की हाकेसरशी हजर होण्याच्या तयारीत घालवलेला वेळ ही विश्रांती नव्हेच.

यावरून सगळीकडे सुट्टीचा पगार मिळतो असे मात्र समजू नये. जर्मनीत सहा तासांपेक्षा जास्त कामाला तीस मिनिटे आणि नऊ तासांपेक्षा जास्त कामाला पंचेचाळीस मिनिटे सुट्टी सक्तीची आहे, पण ती कामाच्या वेळेत धरत नाहीत. ब्रिटनमध्ये सहा तासांपेक्षा जास्त कामाला सलग वीस मिनिटे मिळतात आणि पगाराचे नेमणुकीच्या करारावर सोडले आहे. न्यूझीलंडमध्ये २०१९ पासून आठ तासांच्या पाळीत दहा मिनिटांच्या दोन सुट्ट्या पगारी आणि जेवणाचा अर्धा तास बिनपगारी, अशी विभागणी आहे. मला ही विभागणी सर्वांत न्याय्य वाटते. जपानमध्ये भर वेगळ्या गोष्टीवर आहे: सुट्टीचा वेळ कामगाराला हवा तसा वापरू दिला पाहिजे, असे कायद्यातच लिहिले आहे.

उत्तर ४
पाळणाघर:

आपल्या विभागात तान्ह्या बाळाची आई असेल तर तिच्यासाठी एक भर. १९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमाप्रमाणे मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला स्तनपानासाठी रोज दोन सुट्ट्या मिळत, त्याही नेहमीच्या विश्रांतीखेरीज. आता सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारात तर हा वेळ कामाचा धरून त्याचा पगार द्यावा असे स्पष्ट म्हटले आहे. अशा आईची मिनिटेही त्या रकान्यात पडत असतील तर ती तक्रार वेगळी आणि आधी करावी.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद
दुसरी_पाळी:

सर्वांचे मनापासून आभार. नोटीसफलकावर असा काही कागद लागल्याचे कोणालाही आठवत नाही. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. लाइनवरच्या निम्म्याहून अधिक जणी ठेकेदाराकडच्या आहेत आणि आपल्याला हे लागू नाही असे त्यांना सांगितले जाते. शिवाय आमच्याकडे युनियन नाही. एकटीने तक्रार केली तर पुढच्या महिन्यात पाळी बदलली जाईल, ही भीती सगळ्यांनाच आहे.

उत्तर ५
जुना_प्रतिनिधी:

विश्रांतीच्या बाबतीत ठेकेदाराची माणसे वेगळी नाहीत. कारखाने अधिनियमातल्या कामगाराच्या व्याख्येतच थेट नेमलेले आणि ठेकेदारामार्फत आलेले, असे दोघेही होते. पाच तासांनंतर थकवा येतो तो कोणाच्या हजेरीपटावर नाव आहे हे बघून येत नाही आणि कायद्यानेही तसा भेद केलेला नाही. मात्र रूढ सवलत सिद्ध करताना त्यांच्या ठेकेदारानेही आजवर छोट्या सुट्टीचे पैसे कापले नव्हते, हे त्यांना त्यांच्या जुन्या पगारपत्रकांवरून दाखवावे लागेल. ती पत्रके आताच जमवून ठेवा.

भीतीचे म्हणाल, तर ती खोटी नाही. म्हणून अर्ज एकटीने करू नका. युनियन नसली तरी जितक्या जणी तयार असतील तितक्यांच्या सह्यांनी एकच अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. अर्जात राग नको, मागण्यांची यादी नको. तीनच गोष्टी विचारा. छोट्या सुट्टीचे पैसे कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या नोटिशीने कापले जात आहेत? शौचालयाचा वेळ अनुपस्थितीत कोणत्या नियमाने धरला? जेवणाच्या सुट्टीत मशीनजवळ थांबण्याचा आदेश कोणाचा आहे? उत्तर आले तर ते तुमच्या हाती लेखी पुरावा म्हणून राहील. आले नाही, तर पोच घेतलेली प्रत घेऊन कपातीसाठी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा आणि विश्रांती व शौचालयासाठी कारखाना निरीक्षकांकडे. कारखाना निरीक्षकांना आता निरीक्षक-सह-सुविधाकार म्हणतात.

कपातीबद्दल एक मुद्दा अर्जात जरूर घाला. वेतन संहितेत अनुपस्थितीची कपात करता येते, पण ती कामावर हजर असायला हवे त्या वेळेतल्या गैरहजेरीची. मालकाने स्वतःच दिलेल्या सुट्टीला गैरहजेरी कसे म्हणता येईल? बेकायदा कपातीचा दावा तीन वर्षांपर्यंत लावता येतो आणि सक्षम अधिकाऱ्याला मूळ रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार आहे. म्हणून रक्कम लहान दिसते म्हणून सोडून देऊ नका.

आणि मशीनशेजारच्या अर्ध्या तासाची नोंद आजपासून ठेवायला लागा. तारीख, घंटा किती वाजता वाजली, कोण उठले, परत बसायला किती वेळ लागला, एवढे एका वहीत दोघींनी आपापल्या हाताने लिहावे. लाइन बंद पडल्याची आणि सुरू झाल्याची वेळ बहुतेक मशीन स्वतःच नोंदवते. चौकशी लागली तर ती नोंद मागवता येते आणि तुमच्या वहीशी ती जुळली की तो अर्धा तास काम होते हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. तो वेळ धरून दिवसाचे तास मर्यादेबाहेर गेले, तर वरच्या वेळेचा पगार ओव्हरटाइमच्या दुप्पट दराने मागा.